पितळेवरची नावं

हॅम्बुर्गला आलो त्या पहिल्या महिन्यात मी भिंतींवरच्या पाट्या वाचत फिरायचे. जर्मन शिकण्याचा तेवढाच सराव. आम्ही राहतो तो बार्मबेकचा भाग म्हणजे लाल विटांच्या चार-पाच मजली इमारतींच्या रांगा, आणि बऱ्याच इमारतींच्या दाराशेजारी एक लहानशी फरशी बसवलेली. ‘उद्ध्वस्त 1943, पुन्हा उभारली 1951.’ पुढच्या दारावर 1943 आणि 1953. गल्ली संपेपर्यंत दुसरं साल बदलत राहिलं, पहिलं मात्र तेच. आपल्याकडे घरावर बांधल्याचं साल घालतात, कुलदैवताचं नाव घालतात. घर पडलं कधी, हे कोरून ठेवलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

आमच्या इमारतीवरही तशी फरशी आहे, 1943 आणि 1952 अशी. त्या दुसऱ्या सालापासून याच इमारतीत राहणाऱ्या एक बाई आमच्या खालच्या मजल्यावर आहेत. वय नव्वद. समोर मी त्यांना आडनावानंच हाक मारते, इथली रीत तशी. नऊ वर्षांचा शेजार झाला तरी आमचं बोलणं ‘अहो-जाहो’तच चालतं. घरात मात्र आम्ही त्यांना ‘खालच्या आजी’ म्हणतो, म्हणून इथेही आजीच लिहिते. नाव लिहू नका, असं त्यांनी बजावलंय. बाकी सगळं लिहा म्हणाल्या.

ओळख झाली ती एका डब्यामुळे. पहिल्या दिवाळीत मी त्यांना स्टीलच्या डब्यातून बेसनाचे लाडू दिले. चार दिवसांनी डबा परत आला तो सफरचंदाच्या केकनं भरून. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, हे त्यांना कुणी सांगितलं असेल? दारातच उभ्या राहून त्यांनी डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हे काय लिहिलंय?” माझ्या सासूबाईंचं नाव होतं, सासऱ्यांच्या नावासकट, आणि लग्नाची तारीख. मी सांगितलं, आमच्याकडे भांडं विकत घेतलं की दुकानातच त्यावर नाव घालून घेतात. लग्नाकार्यात शेजारपाजारची भांडी एकत्र होतात, मग ज्याचं त्याला परत करायला सोपं जातं.

आजी त्या अक्षरांवर बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तुमच्याकडे दुसऱ्याचं भांडं घरात राहिलं तर लगेच कळतं.” आणि केक गार जागी ठेवा, दोन दिवसांत संपवा, असं सांगून जिना उतरून गेल्या. त्या वाक्याचा अर्थ मला सहा वर्षांनी कळला.

आजींचा जन्म 1935 चा, हामरब्रोकमधला. हॅम्बुर्गच्या बंदराजवळची, कालव्यांच्या काठची ही दाट कामगारवस्ती. वडील गोदीत हमाल. आठ बिऱ्हाडांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. 1941 पासून वडील रशियाच्या आघाडीवर, घरी आई, त्यांची आजी आणि दोन वर्षांचा धाकटा भाऊ. शाळेत रोज सकाळी बाई वर्गात आल्या की उजवा हात पुढे करून हिटलरचा जयजयकार करायचा आणि मग पाढे. हात खाली आणायची परवानगी मिळेपर्यंत खांदा दुखायचा, एवढंच तेव्हा कळायचं, असं त्या सांगतात.

1943 च्या जुलैच्या शेवटी इंग्रज आणि अमेरिकन विमानांनी हॅम्बुर्गवर दहा दिवस हल्ले केले. इंग्रजांनी या मोहिमेला नाव दिलं होतं ‘गमोरा’, बायबलमध्ये देवानं जाळून टाकलेल्या गावाचं. पहिल्या रात्री विमानांनी आभाळातून चंदेरी पट्ट्यांचा पाऊस पाडला. जर्मन रडार आंधळं करण्याची ती युक्ती होती. दुसऱ्या दिवशी पोरं रस्त्यावरून त्या पट्ट्या वेचत होती, आजीही त्यांत होत्या. शहराचा पश्चिम भाग जळत होता आणि अग्निशमन दलाची बरीचशी माणसं तिकडे अडकली होती. त्यात दिवस कोरडे, कडक उन्हाचे. 27 जुलैच्या रात्री विमानं पूर्वेकडे, हामरब्रोकवर आली. हजारो लहान-लहान आगी लागल्या आणि अर्ध्या-पाऊण तासात त्या एक झाल्या. गरम हवा वर जाते, तिची जागा घ्यायला चहूबाजूंनी गार हवा आत धावते. त्या रात्री हा वारा चक्रीवादळापेक्षा जोरात आत खेचला जात होता. झाडं मुळासकट आगीत जात होती. तळघरात बसलेल्या माणसांना ज्वाळा लागल्याही नाहीत. तिथली हवाच विषारी झाली आणि माणसं बसल्या जागी गेली. दहा दिवसांत मिळून 34,000 हून जास्त माणसं मेली, त्यांतली बहुतेक या एका रात्री.

आजींच्या तळघरात बाहेर पडू नका असा हुकूम होता. भिंती तापायला लागल्या तशी त्यांच्या आईनं बादलीत घोंगडी बुडवली, मुलांवर टाकली आणि दार उघडलं. आजींची आजी मात्र उठलीच नाही. “तुम्ही पुढे व्हा,” म्हणाली. बाहेर रस्त्याचं डांबर वितळलं होतं. आजींचा डावा बूट त्यात रुतून राहिला आणि आईनं त्यांना ओढून काढलं. पुढचं त्यांना तुकड्यातुकड्यांत आठवतं: कालव्याची पायरी, पाण्यात गळ्यापर्यंत उभी माणसं, आणि सकाळ झाली तरी धुरामुळे न उजाडलेलं आभाळ.

मागच्या हिवाळ्यात त्या आजारी होत्या तेव्हा मी औषध द्यायला त्यांच्या झोपायच्या खोलीत गेले. पलंगाशेजारी बूट ठेवले होते, दाराकडे टोक करून, नाड्या सैल, पाय घालताच निघता येईल असे. ब्याऐंशी वर्षं झाली त्या रात्रीला.

एकदा मी न राहवून म्हणाले, लहान मुलांचा काय दोष होता? त्यांनी मला तिथेच थांबवलं. “आधी आमची विमानं वॉर्सावर गेली, रॉटरडॅमवर गेली, कॉव्हेंट्रीवर गेली. मला ते माहीत नव्हतं. माझ्या आईला माहीत होतं. रेडिओवर तुताऱ्या वाजवून सांगायचे.” मग त्यांनी विचारलं, “तुमच्याकडची माणसं कुठल्या बाजूला होती?” आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत जर्मनांशी लढले होते. याच लढाईत जुलै 1944 मध्ये नाईक यशवंत घाडगे मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे आम्ही शाळेत असताना आजोबा सांगायचे. थोरले आजोबा परत आले, पण त्या दोन वर्षांबद्दल कधी काही बोलले नाहीत. दिवाळीच्या फटाक्यांना उठून शेतावर जायचे. मी हे सांगितलं तेव्हा आजींनी माझा हात हातात घेतला. इथे शेजारी एकमेकांना फार स्पर्श करत नाहीत.

आगीनंतर सरकारनं हामरब्रोकभोवती भिंत घालून तो भाग बंद केला. आतली प्रेतं उचलायला, ढिगारे उपसायला आणि न फुटलेले बॉम्ब काढायला आणले ते नॉयनगामं छळछावणीतले कैदी. ओल्सडॉर्फच्या दफनभूमीत क्रॉसच्या आकाराचे लांबलचक खड्डे आहेत, त्यांत त्या रात्रीची हजारो माणसं एकत्र पुरली आहेत. आजींच्या आजी तिथेच कुठेतरी असाव्यात. कडेनं वस्त्यांची नावं लिहिलेले जाड ओंडके बसवले आहेत. आजी दर नोव्हेंबरात ‘हामरब्रोक’ लिहिलेल्या ओंडक्यापाशी फूल ठेवतात.

आईनं मुलांना ल्युनेबुर्गच्या माळावरच्या एका शेतकऱ्याकडे ठेवलं आणि कारखान्यात हजेरी लावायला स्वतः हॅम्बुर्गला परतली. शेतकऱ्याकडे दूध होतं, बटाटे होते, आणि या शहरी पोरांचा राग होता. आजी तिथे दोन वर्षं राहिल्या. 3 मे 1945 ला हॅम्बुर्ग न लढता इंग्रजांच्या ताब्यात गेलं. आजी त्या वर्षी पुन्हा शहरात आल्या तर वर्गात बाई त्याच होत्या. या वेळी त्यांनी हात वर केला नाही, ‘गुड मॉर्निंग’ म्हणाल्या आणि थेट पाढे सुरू केले. एकाही मुलानं काही विचारलं नाही. आजी म्हणतात, त्या सकाळी मला पहिल्यांदा मोठ्यांची भीती वाटली.

नंतरच्या काळाबद्दल त्या मोकळेपणानं बोलतात, भुकेबद्दल तर तासन्‌तास. 1946-47 चा हिवाळा इथल्या जुन्या माणसांना युद्धापेक्षाही जास्त लागून राहिलाय. एल्बं नदी गोठली होती. पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत गेला होता. रेशन कार्डावर दिवसाला मिळायचं त्यात लहान पोराचंही पोट भरेना, आणि तेही मिळेलच असं नव्हतं. आजी, आई आणि भाऊ तेव्हा निसेन झोपडीत राहत होते. पिंप उभं चिरून आडवं ठेवावं तशी पन्हळी पत्र्याची ती झोपडी, इंग्रज सैन्यानं बेघरांसाठी उभारलेली. आत दोन कुटुंबं, मध्ये घोंगडीचा पडदा. सकाळी पत्र्याच्या आतल्या बाजूला श्वासाचं बर्फ धरलेलं असायचं. पोरांचं काम ते खरवडून काढायचं, नाहीतर चूल पेटली की ते अंथरुणावर ठिबकायचं.

खायला ‘श्टेकर्युबं’ नावाचा पिवळा, सलगमासारखा कंद. त्याचंच सार, त्याचाच पाव, त्याचीच साखरेविना खीर. आठवडी बाजारात तो आजही ढिगानं मिळतो आणि मी सांबारात घालते. आजी माझ्याकडे सगळं खातात, फक्त त्या दिवशी येत नाहीत. शाळेत दुपारी स्वीडनच्या रेड क्रॉसनं पाठवलेलं सूप मिळायचं. प्रत्येकानं घरून डबा आणि चमचा आणायचा. आजींचा डबा म्हणजे सैनिकांच्या खाण्याचा रिकामा पत्र्याचा डबा, त्याला तारेची कडी. तो त्यांनी अजून ठेवलाय. त्यात बटणं असतात.

कोळसा चोरावा लागायचा. मालगाडी सिग्नलला थांबली की पोरं वर चढायची आणि खाली ढकलायची, आया गोळा करायच्या. कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्स यांनी 1946 च्या शेवटच्या रात्री चर्चमध्ये सांगितलं की जीव वाचवायला लागतं तेवढं दुसऱ्या मार्गानं मिळत नसेल तर माणसानं घेतलं तरी चालेल. लोकांनी त्यांच्या नावाचं क्रियापदच केलं, ‘फ्रिंग्सन’. आजी हे सांगताना डोळे मिचकावत नाहीत. त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि बरोबरचा एक मुलगा गाडीखाली आला होता.

आणि खेड्यांवर जाऊन घरातली वस्तू द्यायची नि बटाटे आणायचे. आई लग्नातले चांदीचे चमचे घेऊन गेली, मग वडिलांचा कोट. मग एकदा टेबलावर घालायचं पांढरं लिननचं कापड. शेतकऱ्याच्या बायकोनं ते उलगडलं, कोपरा पाहिला आणि विचारलं, “अक्षरं नसलेलं आहे का?” नव्हतं. कापड परत आलं, त्या दिवशी बटाटे मिळाले नाहीत. ही गोष्ट त्यांनी मला पहिल्या वर्षीच सांगितली होती. मी ती भुकेची गोष्ट म्हणून ऐकली.

20 जून 1948 च्या रविवारी नवं चलन आलं. माणशी 40 मार्क हातात. सोमवारी सकाळी दुकानांच्या काचेमागे लोणी, बूट, सॉसपॅन असं सगळं मांडलेलं. काल काहीच नव्हतं. साठेबाजांनी दडवून ठेवलेला माल होता तो. आईनं त्या पैशांतून पहिल्यांदा काय घेतलं? दोघा मुलांना बूट. म्हणजे खरे, चामड्याचे, लाकडी तळव्यांचे नव्हेत.

शहर उभं कसं राहिलं हे विचाराल तर आजी ‘ढिगारे उपसणाऱ्या बायकां’ची कौतुकगाणी ऐकून जरा अस्वस्थ होतात. विटा त्यांच्या आईनंही साफ केल्या, हातोडीनं जुना चुना पाडून. पण हॅम्बुर्गमध्ये 4 कोटी 30 लाख घनमीटर ढिगारा होता. तो मुख्यतः यंत्रांनी, कंत्राटदारांच्या मजुरांनी हलवला, आणि युद्ध चालू असताना कैद्यांनी. “त्या कैद्यांचा फोटो कुठल्या टपाल तिकिटावर आहे?” असं त्या विचारतात. बार्मबेकच्या बऱ्याच इमारती आतून जळल्या होत्या, बाहेरच्या भिंती शाबूत होत्या. त्यांवरच नवं छप्पर चढलं. आमच्या इमारतीच्याही खालच्या विटा काळपट आणि वरच्या उजळ आहेत, संध्याकाळच्या उन्हात ती रेघ स्पष्ट दिसते. ही इमारत गृहनिर्माण सहकारी संस्थेची. आईनं दर महिन्याला थोडे-थोडे पैसे भरून संस्थेचा शेअर घेतला आणि 1952 मध्ये दीड खोलीचं घर मिळालं, आत संडास आणि नळ असलेलं. आजी सतरा वर्षांच्या होत्या, शिवणकामाच्या कारखान्यात शिकाऊ. त्या रात्री तिघांनी आळीपाळीनं नळ सोडून पाहिला.

वडील आले नाहीत. ‘बेपत्ता’ असं पत्र 1944 चं. युद्धानंतर रेड क्रॉस रेडिओवरून हरवलेल्यांची नावं वाचायचं. 1955 मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर आडेनाउअर मॉस्कोला गेले आणि रशियात उरलेले सुमारे दहा हजार जर्मन युद्धकैदी सुटून आले, तेव्हा आई रोज स्टेशनवर जायची, गळ्यात फोटो अडकवून. त्यानंतर तिनं रेडिओ बंद केला.

आजींची मावसबहीण 1948 नंतर हॅम्बुर्गच्याच रोटेनबुर्ग्सोर्ट भागातल्या बुलनहुझर डाम या शाळेत शिकली. तळघरात सायकली ठेवायच्या, असं तिला आठवायचं. 1979 मध्ये ग्युंथर श्वारबेर्ग या पत्रकारानं लिहिलं तोवर फार थोड्यांना माहीत होतं की त्याच तळघरात 20 एप्रिल 1945 च्या रात्री 20 ज्यू मुलांना फाशी दिलं होतं. दहा मुलगे, दहा मुली, वयं पाच ते बारा. नॉयनगामं छावणीत एसएस या हिटलरच्या निमलष्करी संघटनेतल्या एका डॉक्टरनं त्यांच्यावर क्षयाच्या जंतूंचे प्रयोग केले होते आणि इंग्रज जवळ आले म्हणून पुरावा संपवायचा होता. आता तिथे गुलाबाची बाग आहे. आम्ही मुलाला घेऊन गेलो होतो. प्रत्येक मुलाचा फोटो आणि नाव पाहत फिरलो आणि येताना ट्रेनमध्ये कुणीच बोललं नाही. आजी त्या मुलांच्याच वयाच्या होत्या, हे मला एकदम तिथे लक्षात आलं.

आमच्या दारापासून चौथ्या घरासमोर फुटपाथमध्ये तीन पितळी चौकोन बसवलेले आहेत, तळहाताएवढे. त्यांना ‘श्टोल्परश्टाइन’ म्हणतात, म्हणजे ठेच लागेल असा दगड. गुंटर डेम्निग या कलाकारानं ही सुरुवात केली आणि हॅम्बुर्गमध्ये असे हजारो आहेत. ‘इथे राहत होते,’ मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कुठे मारलं. मे 1940 पासून हॅम्बुर्गच्या हानोफर स्टेशनातून ज्यू आणि ‘जिप्सी’ म्हणून हिणवले गेलेले सिंती आणि रोमा मिळून आठ हजारांहून जास्त माणसं गाड्यांत भरून पूर्वेला पाठवली गेली.

पितळ काळं पडतं. 9 नोव्हेंबरला, म्हणजे 1938 मध्ये ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि दुकानं फोडली त्या दिवशी, लोक गुडघ्यावर बसून हे दगड घासतात आणि मेणबत्ती ठेवतात. तीन वर्षांपूर्वी मीही गेले, आईनं कुरियरनं पाठवलेली पितांबरी घेऊन. देवाची भांडी घासतो तशीच घासली. अक्षरं सोन्यासारखी वर आली. मान वर केली तर आजी चाक-गाडीच्या आसनावर बसून बघत होत्या. त्यांना आता वाकता येत नाही. “मोठ्यानं वाचा,” म्हणाल्या. मी तिन्ही नावं वाचली. त्या म्हणाल्या, “उद्या कॉफीला या.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून ते लिननचं कापड काढलं. बटाट्यांच्या बदल्यात कुणी घेतलं नव्हतं, तेच. कोपऱ्यात पांढऱ्याच दोऱ्यानं भरलेली दोन अक्षरं, एकमेकांत गुंफलेली. बोटांना लागतात, डोळ्यांना चटकन दिसत नाहीत. त्यांच्या घराण्यात या अक्षरांनी सुरू होणारं कुणाचंच नाव नाही.

आगीनंतर बेघर झालेल्यांना सामान हवं होतं. देश सोडून गेलेल्या ज्यूंची बंदरात अडकलेली खोकी, गाडीत भरून पाठवलेल्यांच्या घरातली चीजवस्तू आणि हॉलंडमधल्या ज्यू कुटुंबांचं जहाजांनी आणलेलं सामान यांचा हॅम्बुर्गमध्ये उघड लिलाव व्हायचा. वर्तमानपत्रात जाहिरात यायची. इतिहासकारांचा अंदाज आहे की या शहरातल्या आणि आसपासच्या किमान एक लाख लोकांनी असं काही ना काही विकत घेतलं. आजींच्या आईनं 1943 च्या हिवाळ्यात एक टेबल, दोन रजया आणि हे कापड घेतलं. “मी विचारलं होतं, ही अक्षरं कुणाची? आई म्हणाली, जेव.”

आई 1981 मध्ये गेली. तोवर दर नाताळला हे कापड टेबलावर यायचं आणि अक्षरांचा कोपरा नेहमी भिंतीच्या बाजूला असायचा. टेबल मांडायचं काम आजींचं. म्हणजे तो कोपरा भिंतीकडे वळवायचा हातही आजींचाच. “मी सेहेचाळीस वर्षांची झाले तरी वळवत होते,” असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी सरळ होता.

ते परत करता येईल का, म्हणून मी त्यांच्यासाठी इथल्या एका संग्रहालयाला पत्र लिहिलं. त्यांनी फोटो मागवले, अक्षरांची मापं घेतली, आपुलकीनं उत्तर दिलं. दोन अक्षरांवरून घर सापडत नाही. शेकडो नावं त्यात बसतात. आजींनी मला विचारलं, “तुमच्याकडे भांड्यावरचं नाव ओळखीचं नसलं तर काय करतात?” मला सांगता आलं नाही. आमच्या गावाकडच्या माळ्यावर आहे एक पितळी तांब्या, कुणाच्यातरी लग्नात आलेला, त्यावरचं नाव घरात कुणालाच माहीत नाही. पण तो चुकून आलाय. तांब्यासाठी कुणाला गाडीत भरून नेलं नव्हतं. ते दोन्ही शेजारी ठेवून बोलायला माझी जीभ रेटेना.

गेल्या नोव्हेंबरात दगड घासून झाल्यावर आम्ही पुन्हा त्यांच्याकडे कॉफी प्यायला बसलो. माझा मुलगाही होता. टेबलावर ते कापड घातलेलं होतं, इस्त्री केलेलं. अक्षरांचा कोपरा आमच्या बाजूला होता. मुलानं कप ठेवायला हात पुढे केला तसा आजींनी बशी अलगद थोडी पलीकडे सरकवली, अक्षरं मोकळी राहतील एवढी, आणि त्याला केकचा मोठा तुकडा वाढला.